सशांचे घर आणि वाळवी

बऱ्हाणपूरजवळच्या फोपनार गावी १९६४ साली जमिनीतून बुद्धाच्या सात धातुमूर्ती निघाल्या. वाकाटककाळाच्या सुमारास घडविलेल्या त्या मूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. सुमारे दीड हजार वर्षे मातीत राहूनही त्या टिकल्या, याचे कारण त्या धातूच्या होत्या. त्याच मातीत आंब्याच्या लाकडाचा खुंट पुरला, तर तीन-चार पावसाळे काढणेही त्याला जड जाते. तापीकाठच्या या काळ्या जमिनीत जो कोणी सशांसाठी उघड्यावर लाकडी घर बांधू पाहील, त्याने पहिला विचार याच गोष्टीचा करावयास हवा.

पाळीव ससा म्हणजे शेतातून उड्या मारीत जाणारा आपला ससा नव्हे. तो रानससा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. त्याला कोंडता येत नाही. पाळला जातो तो मूळचा युरोपातला ससा. उन्हाळ्याची काहिली त्याला सोसत नाही. तेव्हा त्याचे घर हवेशीर, सावलीचे व उंचावर असावे लागते. दगडामातीच्या बंद खोलीत तो गुदमरतो. म्हणून लाकूड, बांबू व गवत यांवाचून गत्यंतर नाही, आणि नेमके हेच वाळवीचे अन्न! वाळवीने पोखरलेली फळी बाहेरून धडधाकट दिसते. एखाद्या रात्री मुंगसाने वा कुत्र्याने धडक दिली की ती मोडते, आणि सकाळी मालकाला रिकामा पिंजरा दिसतो. लहान शेतकऱ्याची वर्षाची मेहनत अशी एका रात्रीत जाते.

वाळवीला खानदेशात उधई म्हणतात. तिचे कामकरी किडे आंधळे असून त्यांची कातडी फार नाजूक असते. उन्हात व कोरड्या हवेत ते तग धरीत नाहीत. म्हणून जमिनीतून लाकडाकडे जाताना ते मातीची बोगद्यासारखी नळी बांधीत जातात आणि तिच्या ओलाव्यात प्रवास करतात. वारूळ करणाऱ्या जाती पुष्कळदा लाकूड नेऊन वारुळात एक प्रकारची बुरशी पोसतात व त्या बुरशीवर जगतात. वारूळ पिंजऱ्यापासून बरेच दूर असू शकते; जवळ वारूळ दिसत नाही म्हणून निर्धास्त राहणे चुकीचे आहे. मात्र या साऱ्या कारभारातले मर्म एकच: वाळवीला मातीशी सांधा हवा. तो उघड्यावर आणला, की तिची चाल डोळ्यांना दिसू लागते.

कित्येकांचा असा समज असतो की, खाली सिमेंटचा कोबा केला म्हणजे काम भागले. इतरत्र ते खरे असेल. काळ्या जमिनीत खरे नाही. ही जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. तिच्यावर टाकलेला पातळ कोबा पहिल्याच उन्हाळ्यात तडकतो, आणि वाळवीला केसाएवढी फटदेखील पुरते. त्यापेक्षा जागेवरची काळी माती काढून टाकावी, तिथे मुरूम भरून चोपावा, आणि पिंजऱ्याचे पाय ज्या दगडी वा सिमेंटच्या खांबांवर टेकावयाचे तेवढेच पक्के करावेत. हे खांब मातीच्या गिलाव्यात बांधू नयेत. तो गिलावा म्हणजे वाळवीला आयताच बोगदा होय.

खांब जमिनीवर अडीच ते तीन फूट यावेत. खांबाच्या माथ्यावर जस्ती पत्र्याची टोपी बसवावी. तिची कड चहूबाजूंनी दोन इंच बाहेर आलेली आणि तिरकी खाली वाकविलेली असावी. वाळवी पत्रा वळसा घालून ओलांडू शकते, हे खरे. पण तसे करताना तिला आपली नळी पत्र्याच्या कडेवर, सर्वांच्या देखत बांधावी लागते. टोपी वाळवीला मारीत नाही, ती तिची चोरी उघडकीस आणते. काहीजण पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवतात. निमाडच्या वैशाखात त्या दुपारपर्यंत आटतात, आणि वाटीत पडलेली एखादी काडी पुलाचे काम करते.

लाकूड निवडताना सागाचे नाव घेऊन दुकानदार जे देईल ते घेऊ नये. सागाच्या गाभ्याचे तपकिरी लाकूड वाळवीला सहसा दाद देत नाही. सालीलगतचे पांढुरके लाकूड मात्र ती खुशाल खाते. देहरादूनच्या वनसंशोधन संस्थेत निरनिराळ्या लाकडांचे खुंट जमिनीत अर्धे पुरून त्यांचे आयुष्य मोजण्यात आले. दहा वर्षांहून अधिक टिकणाऱ्या पहिल्या वर्गात सागाचा गाभा आहे. आंबा व सावर शेवटच्या वर्गात, पाच वर्षांच्या आत संपणारे. बांबू काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवण्याची रीत चांगली आहे, परंतु तिने घुण टळतो. वाळवीपासून रक्षणाची तिच्यावर भिस्त ठेवू नये.

औषधांचा मोह अनेकांना पडतो. एके काळी आल्ड्रिन, क्लोर्डेन यांची शिफारस सर्रास होत असे. २००१ च्या स्टॉकहोम करारात ही दोन्ही विषे त्याज्य ठरली आणि भारतातही त्यांच्यावर बंदी आहे. सशाच्या बाबतीत तर विषाचा प्रश्न अधिकच बिकट. त्याचे दात आयुष्यभर वाढत असल्याने तो फळी कुरतडणारच. डांबर, जळके तेल किंवा रासायनिक द्रव्य लावलेले लाकूड त्याच्या तोंडापर्यंत पोहोचू देणे म्हणजे वाळवीऐवजी सशालाच औषध पाजणे होय. तळाला व कुरतडण्याजोग्या कडांना जाळी असावी.

छपरासाठी नुसता पत्रा नको, तो तापतो. पत्र्यावर गवताचा वा केळीच्या वाळल्या पानांचा थर घालावा, आणि त्याचे टोक कुठेही भिंतीला किंवा जमिनीला टेकू देऊ नये. अंगणात पऱ्हाट्यांचा ढीग पिंजऱ्याजवळ रचण्याची सवय सोडावी. पिंजऱ्याखाली सांडलेला चारा व लेंड्या मूत्राने भिजून ओल धरतात. ही ओल वाळवीला आमंत्रणच. दर दोन-तीन दिवसांनी ते उचलून खताच्या खड्ड्यात न्यावे, आणि त्याच फेरीत वाकून प्रत्येक खांब पाहावा. मातीची रेघ दिसली की खरवडून टाकावी. पावसाळ्यात ही पाहणी चुकवू नये.

एक गोष्ट बहुधा नजरेतून सुटते. मादी सुमारे एकतीस दिवसांनी विते, आणि तिच्यासाठी ठेवलेले लाकडी खोके पिल्ले मोठी झाली की कोपऱ्यात जमिनीवर पडून राहते. पुढच्या विणीला ते उचलावे तो तळ हातात येतो. खोके रिकामे करून, धुऊन, उन्हात वाळवून पुढच्या विणीपर्यंत तारेला टांगून ठेवावे.