संख्येत हरवलेले खलाशी

भिवंडीचे नाव आज यंत्रमाग आणि गोदामे यांच्याशी जोडले गेले आहे. हे गाव एकेकाळी बंदर होते, याची आठवण फारशी कोणी काढीत नाही. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आल्यावर शिवाजी महाराजांनी याच खाडीच्या परिसरात जहाजबांधणीस प्रारंभ केला, हे शाळकरी मुलेही सांगतील. परंतु त्या जहाजांवरील सारंग, तांडेल आणि खलाशी कोण होते, असे विचारले तर इतिहास निरुत्तर होतो. कोकणच्या खाड्यांतून पिढ्यान्पिढ्या पाण्यावर गेलेल्या माणसांच्या वाट्याला आलेले हे अनामिकत्व विसाव्या शतकातील महायुद्धांतही संपले नाही.

पहिल्या महायुद्धातील मेसोपोटेमियाची, म्हणजे आजच्या इराकची, मोहीम या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. भारतातून निघालेल्या फौजेने नोव्हेंबर १९१४ मध्ये बसरा घेतले. पुढे रेल्वे नव्हती, पक्के रस्ते नव्हते. तैग्रिस नदी हाच राजमार्ग होता. बसऱ्याला मोठी जहाजे लागतील असा धक्काही नव्हता. जहाजे नदीच्या मध्यावर नांगर टाकून उभी राहत आणि त्यांतला माल देशी होड्यांतून काठावर आणावा लागे. परिणामी जहाजे आठवडेच्या आठवडे खोळंबत. नदीचे पाणी उतरले की केवळ उथळ बुडाच्या आगबोटीच वर जाऊ शकत, आणि त्यांचाच तुटवडा होता.

या तुटवड्याची किंमत रक्ताने मोजावी लागली. डिसेंबर १९१५ मध्ये कुत-अल-अमारा येथे जी फौज वेढली गेली, तीत तीन मराठा पलटणी होत्या. त्यांच्या सुटकेसाठी आलेली कुमक बोटींअभावी बसऱ्यास अडकून पडली. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजारांनी शरणागती पत्करली. त्यांना सोडविण्याच्या प्रयत्नांत सुमारे तेवीस हजार सैनिक मृत वा जखमी झाले होते. १९१७ च्या मेसोपोटेमिया चौकशी आयोगाने या अनर्थाच्या कारणांत जलवाहतुकीच्या अभावावर नेमके बोट ठेवले. सैन्याचे खरे बळ किती संगिनी आहेत यावर जितके अवलंबून असते, तितकेच रोज किती टन माल आघाडीवर पोहोचतो यावरही असते, हा अर्थशास्त्राचा साधा धडा लष्कराला अशा रीतीने शिकावा लागला.

१९१६ च्या उत्तरार्धात लष्कराच्या अंतर्गत जलवाहतूक शाखेने ही जबाबदारी हाती घेतली. भारतातून, ब्रह्मदेशातून आणि अन्यत्र मिळतील तेथून बोटी आणल्या गेल्या. सुकाणू धरणारे, दोर सांभाळणारे, बॉयलरपाशी कोळसा ओढणारे आगवाले यांत भारतीय मोठ्या संख्येने होते. बसऱ्याच्या बंदरात पडाव ओढणाऱ्या छोट्या बोटींपासून जखमींना आणणाऱ्या बोटींपर्यंत सर्वत्र त्यांचा वावर होता. मार्च १९१७ मध्ये बगदाद पडले. विजयाचे श्रेय सेनापतीला मिळाले. धान्य, दारूगोळा आणि औषधे वाहून नेणाऱ्यांची दखल कोणी घेतली?

मेसोपोटेमियात युद्धकाळात सुमारे ५ लाख ८८ हजार भारतीय गेले. त्यांतील जवळजवळ निम्मे बिनलढाऊ, म्हणजे सरकारी परिभाषेत ‘अनुचर’ होते. १९२९ मध्ये बसऱ्याला उभारलेल्या स्मारकावर चाळीस हजारांहून अधिक मृतांची नोंद झाली; त्यांत बहुसंख्य भारतीय. पण नावे कोरली गेली ती अधिकाऱ्यांची. सामान्य भारतीय सैनिकांच्या वाट्याला पलटणीखाली केवळ एक आकडा आला. राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाने २०२१ च्या आपल्या अहवालात हा पक्षपात उघडपणे मान्य केला. महाराष्ट्रातील कित्येक गावांतही महायुद्धाच्या संगमरवरी पाट्या आहेत: इतके गेले, इतके मेले. तेथेही आकडाच!

नावे नोंदविणे अशक्य होते असे म्हणावे, तर मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममधील स्मारक त्यास उत्तर आहे. त्या युद्धात समुद्रावर गेलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांची नावे तेथे जपली आहेत. इच्छा असली की नोंद होते, हे महाराष्ट्राने पुढेही अनुभवले आहे. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालाचे नाव मंडळाच्या नोंदवहीत चढले आणि त्या नोंदीतूनच त्याचे हक्क उभे राहिले. गोदामांवर जगणाऱ्या भिवंडीला हे वेगळे सांगावयास नको. वाहून नेणारा माणूस मालाइतकाच मोजला जातो, पण नावाने क्वचितच ओळखला जातो.

ही उणीव अंशतः तरी अजून भरून काढता येईल. खाडीकाठच्या शाळांनी, महाविद्यालयांनी आणि ग्रंथालयांनी आपापल्या परिसरातील जुन्या घरांतून चौकशी करावी. एखाद्या पेटीच्या तळाशी पणजोबांचे काळवंडलेले युद्धपदक असेल. अशा पदकाच्या कडेवर बारीक अक्षरांत ते मिळविणाऱ्याचे नाव, हुद्दा आणि तुकडी कोरलेली असे. बसऱ्याच्या भिंतीवर जे नाही, ते कदाचित कोकणातल्या एखाद्या फडताळात शिल्लक असेल. ती कड पुसून, नाव वाचून ते गावाच्या पाटीवर लिहिणे, एवढे काम आजच्या पिढीचे आहे.