खरजेची शरीरातील नोंद
गोंदिया जिल्ह्यात, देवरी-सालेकसाकडील एखाद्या आश्रमशाळेत, अंथरुणाला अंथरूण लागून मुले निजत असता, खरजेच्या सूक्ष्म किड्याची मादी प्रथमच ज्याच्या त्वचेत बीळ कोरते, त्याला बहुधा चार ते सहा आठवडे कंडूची जाणीवही होत नाही. परंतु बरे झाल्यावर तोच किडा पुन्हा शिरला, तर एक-दोन दिवसांतच बोटांच्या बेचक्यांत आग उसळते, कारण शरीराच्या रोगप्रतिकारक स्मृतिपेशींच्या दप्तरी त्याची नोंद झालेली असते. दुसऱ्या महायुद्धकाळी शेफील्ड येथे संशोधक केनेथ मेलनबी यांनी, लष्करी सेवा नाकारणाऱ्या स्वयंसेवकांवर केलेल्या प्रयोगांत, पुनःसंसर्गाच्या वेळी किड्यांची संख्याही पुष्कळ कमी राहिल्याचे आढळले. ही स्मृती किड्यांना आवर घालते, पुरता मज्जाव मात्र करीत नाही. म्हणून, अजून कंड न सुटलेल्या शेजाऱ्याकडून पुन्हा लागण होऊ शकत असता, एकाच मुलाला औषध लावून थांबणे मला अन्यायाचे वाटते. सबंध खोलीला एकाच दिवशी मलम लावावे, कपडे-पांघरुणेही त्याच दिवशी कढत पाण्यात धुवावीत.