फोलिक ॲसिड : मुंबईतून लागलेला माग

फोलिक ॲसिड या ‘ब’ गटातील जीवनसत्त्वाचा माग प्रथम मुंबईत लागला. १९२८ साली इंग्लंडहून आलेल्या डॉ. ल्यूसी विल्स यांनी येथे गरोदर स्त्रियांच्या रक्तक्षयाचा अभ्यास सुरू केला. रुग्ण बहुतेक गरिबाघरच्या, त्यांत कापडगिरण्यांत राबणाऱ्याही. लोह कमी पडले की तांबड्या पेशी लहान होतात. या बायकांच्या रक्तात त्या संख्येने कमी, पण आकाराने मोठ्या दिसत. विल्स केवळ रक्त तपासून थांबल्या नाहीत. या बायका रोज काय जेवतात तेही त्यांनी पाहिले, आणि शोधाला दिशा मिळाली ती तिथेच. भाज्या, फळे आणि प्रथिने यांचीच जेवणात वानवा होती.

विल्स यांनी रुग्णांना यीस्टचा अर्क, म्हणजे तेव्हा स्वस्तात मिळणारे ‘मार्माइट’, देऊन पाहिले. रक्त झपाट्याने सुधारले. १९३१ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुढे असेही दिसले की, घातक रक्तक्षयावर गुणकारी ठरलेला यकृताचा शुद्ध अर्क या आजारात निरुपयोगी आहे. म्हणजे उणीव वेगळ्याच घटकाची होती.

तो घटक १९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांतून वेगळा काढला गेला. काही वर्षांतच लेडर्ली कंपनीत तो कृत्रिमरीत्या तयार झाला. तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. डीएनए तयार होण्यासाठी फोलेट लागते. ते नसेल तर पेशी वाढतात, पण वेळेवर विभागत नाहीत. गिरणी कामगार बायकांच्या रक्तातील मोठ्या पेशींचे कोडे असे उलगडले.

१९९१ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या चाचणीने आणखी एक गोष्ट सिद्ध केली. आधीच्या अपत्यात मज्जारज्जूचा जन्मदोष असलेल्या स्त्रियांनी दिवस राहण्यापूर्वीपासून फोलिक ॲसिड घेतले, तेव्हा तो दोष पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटले. मेंदू व मज्जारज्जू ज्यातून घडतात ती नलिका गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांतच मिटते. तोवर अनेकींना दिवस राहिल्याचे कळलेलेही नसते, त्यामुळे दवाखान्यात नाव नोंदवल्यावर मिळणारी गोळी या कामासाठी उशिराची ठरते. मूल हवे असे ठरताच डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज ४०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड सुरू करावे, आणि पालेभाजी उकडून तिचे पाणी फेकू नये. फोलेट त्या पाण्यात उतरते.