भाताच्या खाचरातील कोळ्याचा संसार

भाताच्या खाचरात चुडांच्या बुंध्यापाशी पळणारा तपकिरी लांडगा कोळी शेतकरी बंधूंनी पाहिलेला असेलच. एका शिवारफेरीत एका शेतकऱ्याने मला असा कोळी दाखविला. त्याच्या पोटाच्या टोकास पांढुरकी गोळी चिकटलेली होती. "साहेब, हा किडीची अंडी पसरवतोय. औषध मारू का?" असे त्याने विचारले. वस्तुतः ती कोळ्याची मादी होती आणि ती गोळी म्हणजे तिच्याच अंड्यांची पिशवी!

कोळ्याची प्रजोत्पादनाची रीत मोठी विलक्षण आहे. नराचे शुक्रजंतू पोटात तयार होतात; परंतु ते मादीस देण्याचे साधन असते तोंडाजवळच्या स्पर्शपादांच्या टोकाशी. या दोहोंस जोडणारी नळी नाही. म्हणून नर प्रथम एक लहानसे जाळे विणतो, त्यावर शुक्राचा थेंब सोडतो आणि तो स्पर्शपादांच्या फुगीर टोकांत शोषून घेतो. मगच तो मादीच्या शोधार्थ निघतो. अमेरिकेतील सोनेरी जाळे विणणाऱ्या एका कोळ्यात तर शेवटची कात टाकल्यावर नवे शुक्रजंतू तयार होणेच थांबते. असलेल्या शिदोरीवरच नराला भागवावे लागते.

लांडगा कोळ्याचा नर स्पर्शपाद हलवून व पाय आपटून मादीस आपली ओळख पटवितो. ती न पटल्यास तो तिचे भक्ष्यही होतो. मिळालेले शुक्रजंतू मादी आपल्या शरीरात साठवून ठेवते. पुढे अंड्यांची पिशवी ती सोबत बाळगते व पिले निघाल्यावर काही दिवस त्यांना पाठीवर वाहते. म्हणून अशी एक मादी मेली म्हणजे सारी वीणच बुडाली असे समजावे.

हे कोळी तुडतुडे खाऊन पिकाची राखण करतात. औषधांचा वारेमाप वापर झाला की कोळी मरतात, तुडतुड्यांची अंडी मात्र पानाच्या आवरणात सुरक्षित राहतात व कीड पुन्हा उसळते. याच अनुभवावरून इंडोनेशियाने 1986 साली भातावर 57 कीटकनाशकांना बंदी घातली.

तरी फवारणीपूर्वी चूड बाजूस सारून बुंध्याशी तुडतुडे व कोळी दोन्ही मोजावेत. कोळी पुष्कळ व तुडतुडे थोडे असल्यास औषध मारू नये. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही पाहणी शेतकऱ्यांसमवेत बांधावर उभे राहून करावी आणि पांढरी गोळी वाहणारी मादी त्यांना अवश्य दाखवावी. एकदा ओळख पटली म्हणजे शेतकरी आपल्या या राखणदारास मारणार नाही.