दाब, वजन आणि टायरखालचे पोस्टकार्ड

मराठीत 'वजन' या शब्दाला आपण बरीच कामे लावली आहेत. धान्याला वजन असते, तसे शब्दालाही असते. कचेरीत काम अडले की कुणीतरी आपले वजन वापरतो. 'दाबा'चेही तसेच आहे. रक्ताचा दाब, कामाचा दबाव, दबलेला आवाज. बोलण्यात ही सरमिसळ चालून जाते. विज्ञानाच्या तासाला ती चालत नाही. वजन म्हणजे एकूण बल, आणि दाब म्हणजे ते बल किती जागेवर वाटले गेले याचा हिशेब. हे दोन शब्द वेगळे ठेवता आले, तर तराजू नसतानाही गाडी तोलता येते.

मी सुरतच्या नवागाममध्ये मराठी माध्यमाच्या मुलांना विज्ञान शिकवतो. ही वस्ती मोठ्या प्रमाणावर खानदेशातून आलेल्या कुटुंबांची आहे. माझ्या वर्गातल्या मुलांच्या कानावर रोज दोन भाषांतले शब्द पडतात आणि तिथे घोळ होतो. गुजरातीत 'दबाण' म्हणजे दाब. पण सुरतेत महानगरपालिकेची गाडी हातगाड्या उचलायला येते तेव्हाही लोक 'दबाण'च म्हणतात, कारण त्या शब्दाचा दुसरा अर्थ अतिक्रमण. वस्तुमानाला गुजराती पुस्तकात 'दळ' म्हणतात. मराठी मुलाला दळ म्हटले की सैन्य आठवते. 'क्षेत्रफळ' हा शब्द तेवढा दोन्हीकडे सारखा. अशा वेळी व्याख्या पाठ करून घेण्यापेक्षा शब्द गाडीखाली ठेवून पाहावा, असे मला वाटते.

आठवीतली व्याख्या अशी: बलाला क्षेत्रफळाने भागले की दाब मिळतो. तीच उलटी वाचा. दाबाला क्षेत्रफळाने गुणले की बल मिळते. टायरच्या आत किती दाब आहे हे गेज सांगते. टायर जमिनीला किती जागेत टेकला आहे हे आपण मोजू शकतो. दोहोंचा गुणाकार म्हणजे त्या चाकावर आलेला भार, आणि सगळ्या चाकांची बेरीज म्हणजे गाडीचे वजन.

पंक्चरवाला 'बत्तीसची हवा' म्हणतो तेव्हा त्याला ३२ पीएसआय म्हणायचे असते, म्हणजे दर चौरस इंचाला ३२ पौंड. आपल्या मापात आणायचे तर १४.२ ने भागावे. ३२ भागिले १४.२ म्हणजे सुमारे २.२५. हवेचा हा दाब प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सव्वादोन किलोचा भार पेलतो.

आता जागा मोजू. गाडी सपाट फरशीवर उभी करावी. टायरच्या पुढून आणि मागून एकेक जाड कागद आत सरकवावा. तो अडेल तिथे टेकलेला भाग सुरू होतो. दोन कागदांमधले अंतर ही लांबी. दोन्ही बाजूंनी तसेच करून रुंदी घ्यावी. गाडीचा हँडब्रेक ओढलेला असावा, चाकाला दगड लावलेला असावा आणि सोबत मोठे माणूस असावे. बोटे चाकाखाली जाता कामा नयेत.

उदाहरणादाखल एक लहान मोटार घेऊ. पुढच्या प्रत्येक चाकाची टेकलेली जागा १२ गुणिले ११, म्हणजे १३२ चौरस सेंटिमीटर. मागच्या प्रत्येक चाकाची ११ गुणिले ८, म्हणजे ८८. चारही मिळून ४४०. त्याला २.२५ ने गुणले की ९९० किलो. आरसी पुस्तकात रिकाम्या गाडीचे वजन छापलेले असते. त्यात आत बसलेल्यांचे वजन मिळवून मुलांनी आपला आकडा ताडून पाहावा. इथे सगळ्यांना नवल वाटते ते जागेचे. पोस्टकार्ड १४ गुणिले ९ सेंटिमीटरचे, म्हणजे १२६ चौरस सेंटिमीटर. जवळजवळ एक टन वजनाची मोटार साडेतीन पोस्टकार्डांएवढ्या जागेवर उभी असते.

मग मी विचारतो: गाडीत साठ-साठ किलोची चार माणसे बसली, तर टायरमधला दाब किती वाढेल? बहुतेक हात 'खूप' म्हणून वर जातात. प्रत्यक्षात गेजचा काटा जेमतेम हलतो, कारण टायरमधल्या हवेची जागा फारशी कमी होत नाही. टायर थोडा चपटतो आणि जमिनीला जास्त जागेत टेकतो. २४० किलोंसाठी सुमारे १०७ चौरस सेंटिमीटर जागा वाढते. चार चाकांत वाटलेले आणखी एक पोस्टकार्डच म्हणा ना. वजन वाढले, दाब जवळपास तोच राहिला, क्षेत्रफळ वाढले. तिन्ही शब्द इथे आपापल्या जागी दिसतात.

दोन शंका नेहमी येतात. वातावरणाचा दाब का धरला नाही? गेज मुळात वातावरणापेक्षा जास्त असलेला दाबच दाखवते, म्हणून तो वेगळा धरायचा नाही. टायरवरच्या खाचा वजा कराव्यात का? नाही. हवा आतून सगळ्या चपट्या भागावर दाबते. खाचांवरचा भार शेजारचे रबर उचलते. म्हणून बाहेरची पूर्ण चौकट मोजावी.

तरीही हा अंदाजच. टायरच्या बाजूच्या भिंती ताठ असतात आणि थोडा भार त्याही पेलतात. टेकलेल्या जागेचे कोपरे गोल असतात, गेजमध्येही फरक असतो. हवा पूर्ण गेलेल्या टायरला ही रीत लावली तर वजन शून्य येईल, आणि गाडी तर तिथेच उभी! सूत्र कुठवर चालते, हे त्यातून कळते.

नवागाममध्ये हे गणित पुस्तकापुरते राहत नाही. सुरतेच्या कापडाची पार्सले वाहणाऱ्या टेम्पो-ट्रकांवर इथल्या अनेक घरांची चूल पेटते. भारतात चार टायरच्या एकेरी अॅक्सलवर १०.२ टनांची मर्यादा होती. २०१८ साली ती ११.५ टन झाली. समजा अशा अॅक्सलच्या टायरांत ११५ पीएसआय, म्हणजे ८.१ किलोचा दाब आहे आणि प्रत्येक टायर २० गुणिले १८ सेंटिमीटर जागेत टेकला आहे. एका टायरवर २,९१६ किलो आणि चारींवर सुमारे ११.७ टन, म्हणजे मर्यादेच्या आसपास. तीच लांबी १८ ची २२ झाली की भार सव्वाचौदा टनांवर जातो. चार सेंटिमीटरचा फरक डोळ्याला दिसतही नाही. रस्त्याला तो जाणवतो. अमेरिकेत इलिनॉयमध्ये १९५८ ते १९६० या काळात झालेल्या चाचण्यांतून एक ठोकताळा निघाला: रस्त्याची झीज अॅक्सलच्या भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. म्हणजे इथे ती दुपटीहून अधिक होते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात जादा भाराला २०,००० रुपये आणि वर दर जादा टनाला २,००० रुपये दंड आहे. दंड ठरवायला वजनकाटाच लागतो, पट्टी आणि गेज पुरत नाही. पण काट्यावर जाण्याआधी सावध होण्याइतके ज्ञान त्यांतून नक्की मिळते.

भाषेच्या शिक्षकांना माझे सांगणे एवढेच: पारिभाषिक शब्द अवघड असतो म्हणून मुले अडतात, असे दर वेळी नसते. 'दाब' दोन अक्षरांचा, 'वजन' तीन अक्षरांचा. दोन्ही घरातले शब्द आहेत. ते सैल वापरायची सवय मात्र लहानपणापासून लागलेली असते. टायरखाली कागद सरकवणाऱ्या मुलाला शब्दाची कड कुठे संपते हे हाताला कळते. ते कळले की 'दबाण' म्हटले काय किंवा 'दाब' म्हटले काय, तो गोंधळत नाही.