मीठ-साखरेच्या पाण्याचे रहस्य
जुलाबाने मलूल झालेल्या मुलाला आपण मीठ-साखरेचे पाणी देतो. त्यात साखर कशाला? केवळ चवीसाठी नव्हे! आतड्यातील पेशींच्या दारावरचे एक वाहक प्रथिन सोडियम आणि ग्लुकोज यांना जोडीनेच आत घेते. मागोमाग पाणी शिरते. आलेले सोडियम पलीकडे उपसणारा पंप पेशी स्वतःची ऊर्जा, म्हणजे एटीपी, खर्चून अखंड चालवते. कॉलऱ्यातही ही वाट शाबूत राहते.

१९७१ साली पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी असेच पाणी पाजले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांखाली आले.

१ लिटर स्वच्छ पाणी, ६ लहान सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. ही सामग्री कोणत्या घरात नसते?