पुळणीला सुकती, होडीला भरती

मालवणच्या चिवला किनाऱ्यावर डिसेंबरात सागरी जलतरण स्पर्धा भरते. महाराष्ट्रभरातून पोहणारे येतात, त्यांत दिव्यांग स्पर्धकांचाही गट असतो. लाटा अंगावर घेत ही माणसं खुल्या समुद्रातलं अंतर कापतात. त्यांतलाच एखादा संध्याकाळी घरच्यांबरोबर जेवायला बाहेर पडला, तर खाणावळीच्या तीन पायऱ्या त्याला थांबवू शकतात. आपण भितो समुद्राला आणि आडवी येते पायरी. दिव्यांगांच्या पर्यटनाबद्दलचे बरेचसे गैरसमज याच घोटाळ्यातून येतात.

आधी समुद्राचंच बघू. ‘पाय अधू, मग पाण्यात कशाला?’ हा प्रश्न काळजीपोटीच येतो. पण जमिनीवर जे वजन पायांना झेपत नाही, त्यातलं बरंचसं पाणी स्वतः पेलतं. सांगली जिल्ह्यातल्या पेठ गावचे मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले, उपचार म्हणून पोहू लागले आणि १९७२ साली हायडलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये भारताचं पहिलं पॅरालिंपिक सुवर्णपदक जिंकले.

तारकर्ली-मालवणात आता सगळ्यांनाच स्कुबा करायचं असतं, आणि ते धडधाकटांचंच काम असं धरून चालतात. कॅलिफोर्नियात दिव्यांगांना हे शिकवायला सुरुवात झाली त्याला चाळीसहून अधिक वर्षं झाली. पाण्याखाली पायांपेक्षा महत्त्वाचे असतात श्वास, कान आणि शांत डोकं. बोलणं तर तिथे कुणालाच जमत नाही, सगळा कारभार हातांच्या खुणांवर. त्यामुळे खाणाखुणांत मुरलेली कर्णबधिर जोडी तिथे इतरांपेक्षा सरसच ठरेल. मात्र कानाचा पडदा फाटलेला असेल, फिट येत असतील, हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय उतरू नये, आणि हे सगळ्यांना लागू आहे. व्हीलचेअर दिसली म्हणून नको म्हणणारा आणि दमेकऱ्याला काही न विचारता पाण्यात सोडणारा, दोघांनीही तपासायचं तेच तपासलेलं नसतं.

‘वाळूत व्हीलचेअर जातच नाही.’ हे अर्धं खरं. साधी व्हीलचेअर कोरड्या, भुसभुशीत पुळणीत पुढच्या छोट्या चाकांवर रुतते. पण ओहोटीला, म्हणजे इथल्या भाषेत सुकतीला, पाण्यालगतची ओली वाळू चांगली घट्ट होते आणि तिच्यावर चाक बऱ्यापैकी फिरतं. अडतात ते मधले वीस-पंचवीस पावलांचे कोरडे पट्टे. त्यांवर घालायला गुंडाळता येणाऱ्या चटया मिळतात, रुंद फुगीर चाकांच्या खास खुर्च्याही मिळतात. चेन्नईच्या मरिना किनाऱ्यावर नोव्हेंबर २०२२मध्ये लाकडी वाट खुली झाली. पंधरवडाही उलटला नसेल, तोच डिसेंबरात मांदौस चक्रीवादळाने तिची मोडतोड केली आणि ती पुन्हा दुरुस्त करावी लागली. कोकणाने यातून घ्यायचं ते इतकंच, की वाट उचलून ठेवता येणारी हवी. मे संपताना होड्या वर ओढतात, तेव्हाच तीही गुंडाळून आत न्यावी.

सुकती कधी, हे किनाऱ्यावरचा माणूस तिथीवरून सांगतो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण हाती लागते. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या आसपास आणि सुकती बाराला. पौर्णिमेला पंधराचे सव्वाअकरा ही भरतीची वेळ, म्हणजे संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास सुकती आणि पुळण सगळ्यांत रुंद, सूर्यास्ताच्या बेतानेच. व्हीलचेअर घेऊन येणाऱ्या कुटुंबाने हॉटेलाच्या आधी कालनिर्णय बघितलेलं बरं.

होडीचं गणित मात्र उलटं. बांधलेली जेटी जागची हलत नाही, होडी पाण्याबरोबर वरखाली होते. सुकतीला ती खोल जाते आणि चढउतार अवघड होतो, भरतीला अंतर कमी होतं. म्हणजे पुळणीला सुकती हवी आणि होडीला भरती. एकाच सकाळी दोन्ही उरकायचा बेत केला की कुठेतरी माणूस उचलावा लागतो.

आणि उचलण्याबद्दलच सगळ्यांत मोठा गैरसमज आहे. ‘चार पोरं आहेत ना, उचलून नेतो की!’ यात माया असते, नाकारवत नाही. पण खुर्चीचे हात धरून उचललं तर पुष्कळ खुर्च्यांचे ते हात निसटून येतात. सुटणारे भाग सोडून पक्की चौकट धरावी लागते. मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाला कमरेखाली काही जाणवत नसेल, तर होडीच्या कडेला पाय घासला हे त्याला रक्त दिसल्यावरच कळतं. म्हणून आधी विचारावं की कसं उचलू, आणि मग त्याच्या सांगण्याप्रमाणे करावं. याच मायेचं दुसरं टोक म्हणजे ‘नको काकानू, तुमका त्रास होतलो’ असं म्हणून माणसाला जेटीवर बसवून ठेवणं. त्रास किती सोसायचा हे काकांना ठरवू द्यावं.

सिंधुदुर्ग किल्ल्याबाबतही लोक दोन टोकांना असतात. एक म्हणतात, किल्ला म्हणजे चढ, तो आमच्यासाठी नाही. पण हा डोंगरी किल्ला नाही. १६६४मध्ये कुरटे बेटावर त्याचं काम सुरू झालं, आणि तटावर न चढताही आत शिवराजेश्वराचं देऊळ, दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरी असं बघण्यासारखं पुष्कळ आहे. दुसरे म्हणतात, वारशाला हात लावता येत नाही. चिऱ्याला धक्का न लावता नुसती टेकवलेली, काढून नेता येणारी लाकडी उतरण घालायला कोणता वारसा बिघडतो? जुलै २०२५मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारा मराठा किल्ल्यांत हा आहे. जगभरातून येणाऱ्यांत व्हीलचेअरवरचेही असणारच.

दिव्यांग म्हणजे व्हीलचेअर, असंच बहुतांशी मीही आतापर्यंत लिहीत आलो. २०११च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग नोंदले गेले. त्यांत चालण्या-हालचालीचं अपंगत्व असलेले सुमारे पाचवा हिस्सा, जवळपास तेवढेच दृष्टीचे आणि तेवढेच कानाचे. २०१६च्या कायद्याने तर सातऐवजी एकवीस प्रकारची अपंगत्वं मानली. कर्णबधिर प्रवाशाला पायरी अडवत नाही, त्याला अडवते हाक. किल्ल्यावर होडीवाला तासाभराने परत निघायची हाळी देतो, स्टँडवर एसटीची घोषणा होते, आणि दोन्ही त्याच्यापर्यंत पोचत नाहीत. परतीची वेळ कागदावर लिहून दिली की काम झालं. खर्च शून्य. दिसत नाही त्याने समुद्रावर जाऊन काय करायचं, असं विचारणाऱ्याने एकदा डोळे मिटून मासळीच्या लिलावात उभं राहावं, किंवा जत्रेतलं दशावतारी नाटक नुसतं ऐकावं. स्वमग्न मुलाला मात्र हीच गर्दी आणि हाच गलका सोसत नाही. त्याला देवबागच्या किनाऱ्यावरची शांत सकाळ द्यावी.

राहण्याच्या जागेचं दुखणं वेगळं. पावसामुळे कोकणात जोतं उंच. रॅम्पचा सरकारी दंडक एकास बारा, म्हणजे दोन फूट जोत्याला चोवीस फूट उतरण. प्रत्यक्षात सहा फुटांची घसरगुंडी बांधतात, वर गुळगुळीत फरशी, आणि ‘सोय आहे’ म्हणून फलक. खळ्यात सरळ जागा नसेल तर मध्ये सपाट टप्पा ठेवून उतरण वळवता येते. तरी खोलीपर्यंत पोचल्यावर न्हाणीघराचं दार अरुंद निघालं, की रॅम्प वाया. या लाल मातीच्या उतारावर असलं काही जमत नाही म्हणणाऱ्यांनी कुडाळ तालुक्यातली ‘स्वप्ननगरी’ बघावी. नसीमा हुरजूक यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या प्रकल्पात दिव्यांग कामगार काजूप्रक्रियेचं काम करत आले आहेत.

सवलत म्हणजे सोय, हाही एक समज. एसटीत तिकिटाला ७५ टक्के सवलत आहे, पण गाडीची उंच पहिली पायरी आहे तिथेच. विमानाने जायचं तर डॉक्टरचा दाखला लागतोच, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही, आणि नुसतं अपंगत्व बघून उतरवणंही चालत नाही. जीजा घोष यांना सेरेब्रल पाल्सी आहे. २०१२मध्ये गोव्याला एका परिषदेसाठी निघाल्या असताना त्यांना कोलकात्यात विमानातून उतरवलं गेलं. २०१६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दहा लाखांची भरपाई देववली. २०२२मध्ये रांचीला एका दिव्यांग मुलाला विमानात घेतलं नाही, म्हणून विमान कंपनीला पाच लाखांचा दंड झाला आणि केवळ अपंगत्वामुळे प्रवास नाकारता येणार नाही असा नियम आणखी स्पष्ट झाला. नोव्हेंबर २०२४मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की सुगम्यतेचे किमान नियम ऐच्छिक ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारकच हवेत.

‘असे पाहुणे येतात किती?’ हा घरगुती निवास चालवणाऱ्यांचा सवाल. ते येत नाहीत, कारण त्यांना येता येत नाही. आणि ते सहसा एकटे येत नाहीत. आजीला जिथे जाता येत नाही तिथलं अख्ख्या कुटुंबाचं बुकिंग रद्द होतं.

फोनवर ‘दिव्यांगांची सोय आहे का?’ असं विचारण्यात अर्थ नाही. ‘होय होय, या तुम्ही’ हेच उत्तर येणार. त्यापेक्षा विचारावं: गाडी थांबते तिथून खोलीपर्यंत पायऱ्या किती? कमोड आहे का, आणि त्याच्या बाजूला खुर्ची लावायला जागा? न्हाणीघराचं दार पूर्ण उघडून मोकळी जागा टेपने मोजली तर किती सेंटिमीटर भरते? मोजतानाचा फोटो मागवावा. आपल्या खुर्चीची रुंदीही आधी मोजून ठेवावी, आणि चाक फिरवणाऱ्याच्या बोटांसाठी दोन्ही बाजूंना थोडी जागा धरावी.